बाबांच्या हाताची दारं

आमच्या घरी पहिल्यांदा येणारा माणूस डोकं आपटल्याशिवाय आत येत नाही. मी ओटीवरून ओरडते, "वाका हो, वाका, सांभाळून!" पण सांगितल्यावर वाकणारी माणसं आता उरली कुठे? विजेचा मीटर बघायला येणारा मुलगा दर खेपेला आपटतो आणि दर खेपेला कपाळ चोळत मलाच हसून दाखवतो. मतं मागायला हात जोडून येणारेही आपटतात, त्यांचं मला फारसं वाईट वाटत नाही. जावई मंडळींपैकी कुणी आपटलं की मात्र घरभर हळहळ होते आणि मी हळद शोधायला धावते. विमानतळ झाल्यापासून आमच्या पेडण्यात जो तो घर मोडून काहीतरी नवं करायच्या मागे आहे. तशातच गेल्या महिन्यात माझ्या पुतण्याने, म्हणजे दादाच्या मुलाने, साखळीहून एक कंत्राटदार आणला. त्याने सगळीकडे टेप लावली, डायरीत काय काय लिहिलं आणि म्हणाला, "बाई, हे बांधलं कुणी? खोल्या एवढ्या ऐसपैस आणि दारं कोंबड्यांच्या खुराड्याची! मेस्ताचं डोकं ठिकाणावर नव्हतं की काय?" मी म्हटलं, चहा घ्या आणि निघा. पुतण्या रागावला. आत्ये, तू जुन्याला चिकटून बसतेस, म्हणाला. रागावू दे. मेस्ताचं डोकं अगदी ठिकाणावर होतं, आणि दारं तशी का झाली हे ठाऊक असलेली मी एकटीच आता मागे राहिले आहे. म्हणून हे लिहून ठेवते.

आम्ही मुळात मुंडकार. म्हणजे काय ते आजच्या मुलांना सांगावं लागतं. जमीन भाटकाराची, माड त्याचे, आंबे त्याचे, आणि त्याच्या भाटातल्या, म्हणजे माडांच्या बागेतल्या, एका कोपऱ्यात मातीच्या भिंतींचं आमचं घर. राहा म्हणाला म्हणून राहायचं. आमचा भाटकार तसा वाईट माणूस नव्हता, कधी आवाज चढवून बोलला नाही, पण रांधपाच्या खोलीला एक जनेल, म्हणजे खिडकी, पाडू का, असं आईने विचारलं तेव्हा तो पान चघळत गोड हसला आणि म्हणाला, "भिंत मातीची आहे ग, पण माती माझी आहे." झालं! त्या खोलीला जनेल कधीच झालं नाही. चुलीचा धूर छपराच्या नळ्यांमधून, म्हणजे कौलांमधून, वाट काढी, आणि पावसाळ्यात ओली लाकडं पेटली की आम्ही सगळी डोळे पुसत पेज जेवायचो. खोली इतकी चिंचोळी की चवथीला पाहुणे आले म्हणजे तीन पंगती उठायच्या. शेवटच्या पंगतीला आई एकटीच असे, आणि तोवर खतखतं, ती चवथीची मिसळ भाजी, संपून नुसता रस राहिलेला असे. "माका एक रांधप होया," ती म्हणे, "जंय सगळी एका वांगडा जेवतली." तिचं मागणं एवढंच होतं. तिला दागिने, साड्या यांच्याबद्दल बोलताना मी ऐकलेलं नाही.

त्या घराचे आवाज अजून कानात आहेत. सकाळी पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा पों-पों, मग उंड्यांचा गरम वास, भाटात पडलेल्या नारळाचा धप्प आवाज आणि त्यावर आईचं हमखास "पडलो गे भाटकाराचो!" आठवडाभर घरात आई, दादा आणि मी, आम्ही तिघंच असू, कारण बाबा डिचोलीला खाणीवर कामाला होते आणि तिथल्याच चाळीत राहत. शनिवारी संध्याकाळची बस वळणावर दोनदा हॉर्न वाजवी, की आई चुलीवरचं पाणी उतरवायला उठे. बाबा विहिरीवर बसत आणि ती त्यांच्या पाठीवर तांब्याने पाणी ओतत राही. पहिल्या चार तांब्यांचं पाणी लाल असायचं. मातीचं लाल, खनिजाचं. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांचेच बाबा आतून लाल असतात आणि शनिवारी धुवावे लागतात.

बाबा ठेंगणे होते. आई त्यांच्यापेक्षा चांगली चार बोटं उंच. लग्नात त्यांना पाटावर उभं केलं होतं असं आत्या सांगायची, आणि बाबा म्हणत, "पाटार न्हय गे, दोन पाटांर!" हसणारा माणूस होता. मग एके दिवशी तो बुधवारीच घरी आला. उजव्या हाताला कोपरापर्यंत पट्टी. ट्रकाचा मागचा फाळका अवेळी सुटला होता आणि मधल्या तिन्ही बोटांची वरची दोन-दोन पेरं त्याखाली गेली होती. अंगठा आणि करंगळी शाबूत. आईच्या हातातली वाढायची कुलेर खाली पडली. बाबा म्हणाले, "पेरां गेली, हात ऱ्हवलो. रडतंस कित्याक?" पण त्या दिवसापासून घरात असले की तो हात ते खांद्यावरच्या पंच्याखाली ठेवत. जेवायला बसले की आई आमटी-भात आधीच कालवून देई, म्हणजे अंगठा-करंगळीने घास उचलायला सोपं जाई. आई मात्र खाणीचं नाव घ्यायचं टाळू लागली. कुणी विचारलं, घोव खंय आसा, तर "थंय" म्हणून हात डिचोलीच्या दिशेला करायची.

त्यानंतर वर्षा-दोन वर्षांत आम्ही जमीन घेतली. गावच्या वरच्या अंगाला, देवळाच्या पाठीमागे, काजूंचा एक उताराचा तुकडा. कसा घेतला, त्यापायी काय काय सोडलं, ते लिहीत बसत नाही. पहिल्यांदा तिथे गेलो तेव्हा बाबांनी चपला काढल्या. आईने मात्र सरळ पावलं मोजायला सुरुवात केली. काजूच्या पानांवरून चर्र चर्र चालत गेली, थांबली, वळली, पुन्हा चालली, आणि एका जागी फतकल मारून बसली. "हय रांधप," म्हणाली. "हयसून थंयसर पंगत." ती जागा तिने पुढे कधी बदलू दिली नाही.

घर बांधायचं ते विठो मेस्ताने. आमच्याकडे मेस्त म्हणजे सुतार, पण विठो मेस्त चिरे लावण्यापासून वासे चढवण्यापर्यंत सगळं आपल्या नजरेखाली करून घेई. वयाने बाबांपेक्षा मोठा, बोलायला फटकळ, आणि टेपेवर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. त्याची रीत जुनी. ज्याचं घर, त्याचा हात. घरधन्याने उजवा हात पाटावर मांडायचा. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत बांबूची काठी तोडायची. आणि जोत्यापासून दारं-जनेलांपर्यंत सारं घर त्या काठीने मोजायचं. लांबी किती हात, रुंदी किती हात, यांचा गुणाकार करून त्यातून मेस्त घराचा आय काढी, आणि तो चांगला निघाला की घर धन्याला लाभलं म्हणायचं. दुसऱ्याच्या हाताने मोजलेल्या घरात माणूस पाहुण्यासारखा राहतो, असं तो छातीठोक सांगे.

एका शनिवारी बाबांनी रजा काढली, सकाळी जागेवर पाट मांडला, जागा राखणाऱ्या देवाला, राखणदाराला, नारळ ठेवला, आणि मेस्त म्हणाला, "नारू, उजवो हात मांड." बाबांनी पंचा बाजूला केला. बऱ्याच दिवसांनी मी तो हात उघड्यावर बघत होते. मेस्ताने बांबू कोपराला टेकवला, बोटांकडे आला आणि तिथेच थांबला. त्याच्या ध्यानात आधी आलं नसेल असं नाही. पण काठी हातात घेऊन बघणं वेगळं.

"शेंडो खंय धरू, रे?" तो हळूच म्हणाला.

"आसा थंय धरा."

"तसा न्हय. डावो घेवया?"

"डाव्या हातान कोणी घर बांधलाहा, मेस्तांनू?"

"मगे झिलाचो घेवया. थोरलो झिल आसा तुझो, पणजेक शिकता. उद्या घर तेचाच."

"तो आपला बांधतलो तेव्हा मांडूंदे आपलो हात."

"अरे, मगे दोन पेरां अंदाजान वाढवतंय मी. देवान दिली ती काय मी खातंय?"

बाबा चिडले नाहीत. हात तसाच पाटावर ठेवून म्हणाले, "नसलेल्या पेरांचा घर नको माका. माझो हात एवढोच. घेवा."

मेस्ताने माझ्याकडे, मग आईकडे बघितलं, आणि काठी तोडली. टोकाला कोयत्याने तीन खाचा पाडल्या. ती त्याची खूण. एकोणीस हात लांब, अकरा हात रुंद, असा हिशोब ठरला, आय उत्तम निघाला. आई एवढंच म्हणाली, "घर आखूड जातला." बाबा हसले. "आमी खंय मोठे लांब आसंव?" पण आई हसली नाही. घरी येताना ती वाटेत बोटांवर काहीतरी मोजत होती. एकोणीस हातांत प्रत्येकी दोन पेरं कमी म्हणजे किती जागा जाते, ते तिला शाळेत न जाताही समजलं होतं. गेलेली जागा रांधपातूनच जाणार, हेही. रांधप शेवटी मांडायचं, उरलेल्या जागेत.

दुसरा दिवस रविवार. बाबा बांगड्याचं हुमण जेवून ओटीवर आडवे झाले आणि घोरायला लागले. डावा हात चटईवर पसरलेला. आईने केरसुणीतला एक हीर उपसला आणि मला खूण केली. मी बारा-तेरा वर्षांची, काही कळलं नाही, पण तिच्यामागून गेले. तिने हीर बाबांच्या कोपराजवळ धरला, मला म्हणाली "पकड," आणि मधल्या बोटाच्या टोकाशी नखाने मोडला. एवढ्यात बाबा कूस वळले. आम्ही दोघी दगडासारख्या बसून राहिलो. मागच्या परसात जाऊन तिने नवी काठी तोडली, तीन खाचा पाडल्या, नवेपणा जावा म्हणून शेणमातीचा हात फिरवला. काम सुरू होईपर्यंत आमच्याच घरी ठेवलेली मेस्ताची खरी काठी फडक्यात गुंडाळून तांदळाच्या डब्यात तळाशी गेली. मी विचारलं, "आई, बाबा काय म्हणतले?" ती काठी पुसत होती. म्हणाली, "खाणीन बोटां घेतली ती घेतली. घरातली जागा घेवंक दिवचंय नाय मी." आणि मग माझ्या कानाला धरून, "तोंड उघडलंस तर बघ!"

आज मी त्या बाईला पुरती ओळखते असं मला वाटतं, पण तेव्हा मला नुसती भीती वाटली होती. खोटं करणारी आई मी त्याआधी पाहिली नव्हती.

काम सुरू झालं. खाणीवरून चिरे आले (चिऱ्याची खाण वेगळी हं, ती दगडाची, आई तिचंही नाव घेत नसे, "थंयचे दगड" म्हणे). बेळगावकडचे दोघे गडी चर खणायचे, मेस्त काठी टाकत दोरी बांधायचा. पहिल्या दिवशी त्याने काठी उचलली, हातात दोनदा फिरवली, खाचांवरून अंगठा नेला आणि आईकडे बघितलं. आई गड्यांना पेज वाढत होती, ती वाढतच राहिली. मेस्त खाकरला आणि मोजायला लागला. त्याला सगळं कळलं होतं. पुढे कितीतरी वर्षांनी मी त्याला विचारलं तेव्हा म्हणाला, "बाये, काठी हातात घेतल्याबरोबर समाजला. पण हात तो नारूचोच. मी गप ऱ्हवलंय." तीन आठवडे बाबा शनिवारी अंधार पडता पडता येत आणि रविवारी भाटकाराच्या माडांचं काम असे, त्यामुळे जागेवर त्यांचं जाणं उभ्या उभ्याच झालं. जोतं गुडघ्याएवढं वर आलं. लालभडक, सरळ, चारी कोपरे काटकोनात. ते बघून आईच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला शब्दांत पकडता येत नाही.

चौथ्या रविवारी बाबा सकाळीच जागेवर गेले. आम्ही चहा घेऊन मागून पोचलो तर ते जोत्याच्या कडेला गुडघ्यांवर बसलेले. उजवा हात चिऱ्यावर मांडायचा, बोटांच्या टोकाशी डाव्या हाताचं बोट ठेवायचं, कोपर तिथे सरकवायचं, पुन्हा हात मांडायचा. असे सरकत सरकत ते शेवटच्या कोपऱ्यापर्यंत गेले. त्यांना मोजदाद करायची नव्हती, हे मला नक्की ठाऊक आहे. त्यांना फक्त आपलं घर आपल्या हाताखालून घालवायचं होतं. पण तोंडाने आकडे मोजले गेले. अठरा, एकोणीस, वीस, एकवीस, आणि वर अर्धा हात. मग पलीकडच्या सावलीत विडी ओढणाऱ्या मेस्ताला म्हणाले, "मेस्तांनू, ही कोणाची काठी?"

मेस्त विडीकडे बघू लागला. आईने चहाचा कोप चिऱ्यावर ठेवला. "तुमचीच," ती म्हणाली. "डाव्या हाताची. तुमी निजलेलात तेव्हा मी घेतली. मेस्तांक बोल लावू नका."

"कित्याक?"

"कित्याक काय! पंगत बसाक नको? सून येतली, नातरां येतली. त्या खाणीन माझ्या घोवाचो हात खाल्लो, आता घर पण खावंदे?" तिचा आवाज फाटला. "तुमचो हात तो न्हय. तो खाणीन केललो. तुमचो हात मी लग्नात धरलेलो, तो मोठो होतो."

मला वाटलं, आता बाबा उठतील आणि एक तरी चिरा लाथेने पाडतील. तसं झालं नाही. ते फार हळू बोलले. "जन्मभर भाटकाराच्या जाग्यार ऱ्हवलंव. आपल्या जाग्यार इलंव, तर थंयसर पण माझो हात चलना नाय." ते उठले, पंचा हातावर टाकला आणि निघाले. चहाला त्यांनी हात लावला नाही. दुपारी जेवणही घेतलं नाही, आणि संध्याकाळच्याऐवजी दुपारच्याच बसने डिचोलीला गेले. मेस्त म्हणाला, धन्याचा शब्द आल्याशिवाय आता पुढचा चिरा मी लावणार नाही. आणि हत्यारं पोत्यात भरून तोही गेला.

पुढचा शनिवार आला. बसने वळणावर दोनदा हॉर्न दिला, आईने पाणी उतरवलं. विहिरीवर कुणी आलं नाही. पाणी निवलं, तिने पुन्हा तापवलं, पुन्हा निवलं. त्याच्या पुढच्या शनिवारीही तेच. वैशाख उलटत चालला होता. पावसाआधी नळे चढले नाहीत तर उघडं जोतं चिखलात जाणार, हे तर होतंच. पण आमचा जीव टांगणीला लागला होता तो जोत्यासाठी नव्हता. आई दिवसभर घरात फिरायची आणि एखाद्या जागी येऊन काय करायला आलो तेच विसरायची. रविवारी सकाळी तिने तांदळाचा डबा उलथा केला. फडकं काढलं, काठी बाहेर आली, आणि मला म्हणाली, "पायांत घाल. जावया."

ती खाणीवर पहिल्यांदाच जात होती. दोन बस बदलून डिचोलीला पोचलो. बाजार ओलांडल्यावर सगळंच लाल दिसायला लागलं. रस्ता, झाडं, टपऱ्यांची छपरं, कुत्रीसुद्धा. रविवार असूनही ट्रकांची रांग संपत नव्हती. फाटकापाशी आम्हाला अडवलं, तिथूनच पलीकडे माणसं दिसत होती. आईने बाबांना लगेच ओळखलं. मी ओळखलं नाही, कारण तो माणूस आमच्या घरातल्या बाबांपेक्षा मोठा दिसत होता. एकामागून एक ट्रक येत होता, आणि बाबा त्या प्रत्येकाच्या फाळक्याची कडी उजव्या हाताने, त्या अर्ध्या बोटांच्या मुठीने, खाडकन वर सरकवत होते. पंचा कमरेला होता. हात उघडा. एका ड्रायव्हरने ओरडून काहीतरी विनोद केला, तर बाबांनी तोच हात वर करून त्याला दम भरला, आणि सगळे हसले. घरी लपवून ठेवलेला हात तिथे बिनदिक्कत हिंडत होता. आई जाळीला धरून बघत राहिली. ती रडत नव्हती. बऱ्याच वेळाने स्वतःशीच म्हणाली, "पुरता गे. तेंका तो पुरता."

कुणीतरी सांगितलं म्हणून बाबा फाटकाशी आले. लाल धूळ भुवयांवर साचलेली. आम्हाला बघून त्यांनी सवयीने कमरेचा पंचा ओढला आणि हात झाकायला लागले. आईने पंचा धरला. "ऱ्हवंदे," म्हणाली. मग फडक्यातली काठी त्यांच्या उजव्या हातात दिली. "ही तुमची. जोतां मोडूचा आसात तर उद्याच मोडया. परत तुमच्या हातान घालया. माझी चूक झाली."

बाबांनी काठी उलटसुलट केली. मागे ट्रक गुरगुरत होते, फाटकावरचा माणूस आमच्याकडे टक लावून होता. "जेवलंस?" त्यांनी आईला विचारलं. तिने माझ्याकडे बघितलं. "हिका पण उपाशी घेवन इलंस?" म्हणून माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि आम्हाला समोरच्या टपरीवर नेलं. भाजी-पाव मागवला. आई घरच्यासारखी त्यांचा पाव मोडून द्यायला लागली, मग थांबली आणि ताटली तशीच त्यांच्यापुढे सरकवली. बाबांनी अंगठा नि करंगळीने पाव मोडला, भाजीत बुडवला, खाल्ला. वेळ लागला, पण खाल्ला. तिसऱ्या घासाला म्हणाले, "चिरे बसले ते बसले. मोडूचे नाय. पंगत बसांदे तुझी."

"आणि तुमचो हात?"

बाबांनी काठी मेजावर ठेवली. "दारां," ते म्हणाले. "मेस्तांक सांग, दारां हेच्यान करा. चार हात आणि वर चार बोटां. मी येतंय-जातंय ती दारां तरी माझी."

आई होय म्हणाली. लगेच म्हणाली. चार हात चार बोटं म्हणजे बाबांच्या डोक्याला नेमकं आणि तिच्या डोक्याला कमी, हे तिला कळलं नसेल असं मला कधीच वाटलं नाही. जोत्याचा हिशोब बोटांवर करणारी बाई ती.

चौकट उभी केली त्या दिवशी मेस्ताने आंब्याचा टाळ बांधला, चौकटीला हळद लावली आणि गाऱ्हाणं घातलं. "बा राखणदारा म्हाराजा, ह्या घर तुझ्या पायांकडे उभा ऱ्हवताहा, तेका दिवो लागांदे, चुलीक धूर येवंदे, आणि घरधन्याचो हात जसो आसा तसो पुरवंदे, म्हाराजा!" आम्ही सगळे म्हणालो, "होय म्हाराजा!" बेळगावचे गडीसुद्धा म्हणाले. मग घरधनीण पहिली आत जायची. आई डोक्यावर पाण्याची कळशी घेऊन आली, दारापाशी थांबली, कळशी उतरवून कडेवर घेतली, पदर सावरला, मान खाली घालून वाकली आणि आत गेली. बाबा तिच्यामागून गेले, ताठ. वर बोटभर जागा उरली. आत गेल्यावर त्यांनी वळून चौकटीच्या माथ्याला उजव्या हाताचा तळवा टेकवला. त्या वर्षी चवथीला एकच पंगत बसली. वीस माणसं, आणि आई मध्ये. खतखतं सगळ्यांना पुरलं.

बाबा त्या घरात पुष्कळ वर्षं राहिले. गेले तेव्हा त्यांना बाहेर काढताना खांदेकऱ्यांना वाकावं लागलं आणि दादा म्हणाला, आता तरी ही दारं वाढवून घेऊया, आई. आईने त्याच्याकडे असं बघितलं की तो विषय पुन्हा निघाला नाही. मग दादा साखळीला स्थायिक झाला, नवरा गेल्यावर मी इथे परत आले, आईजवळ. ती या घरात चाळीस वर्षांहून जास्त राहिली. रांधपातून ओटीवर, ओटीवरून विहिरीवर, दिवसातून शंभरदा. माझ्या कपाळावर या दारांच्या खुणा आहेत, दादाच्या आहेत, आम्ही सगळे कधी ना कधी आपटलो. ती एकदाही आपटली नाही.

शेवटच्या दोन वर्षांत तिचं सगळं विसरत गेलं. दादाचं नाव गेलं, मग माझं. मला ती "बाई" म्हणायला लागली, आमच्या शाळेतली कुणी मास्तरीण समजून. बाबांचं नाव घेतलं तर कुणाचं म्हणून विचारायची. तिला तपासायला आम्ही पणजीला एका इस्पितळात नेलं. नवीकोरी इमारत, छताला भिडतील एवढी काचेची दारं. माझा हात धरून ती हळूहळू चालत होती. पहिल्या दारापाशी थांबली. मला वाटलं दमली. तिने पदर सावरला, मान खाली घातली, नीट वाकली आणि आत गेली. मग सरळ झाली. पुढच्या दारापाशी पुन्हा तेच. लिफ्टच्या दारातही तेच. लोक बघत होते. खोलीत गेल्यावर डॉक्टरांनी विचारलं, "यांची मान दुखते का? अशा का वाकतात?"

मी म्हटलं, "नाही. आमच्या घरची दारं ठेंगणी आहेत."

"मग वाढवून घ्या की," ते म्हणाले.

मी कागद घेतले, आईला उठवलं. बाहेर पडताना ती दारापाशी थांबली आणि वाकली. या खेपेला मीही तिच्याबरोबर वाकले.